दट्ट्यांची पेटी घरी आली, आता पुढे?

दट्ट्यांची पेटी म्हणजे माँटेसरी पद्धतीतलं एक साधन: भोकं असलेला लाकडी ठोकळा आणि त्या भोकांत बसणारे, वर छोटी मूठ असलेले गोल दट्टे. पेटी उघडल्यावर मुलाला लगेच शिकवायला बसू नका. सगळे दट्टे काढा, मिसळा आणि एकही शब्द न बोलता सावकाश जागेवर लावून दाखवा. मग हात मागे घ्या.

या लाकडी ठोकळ्यात दहा भोकं आणि दहा दट्टे आहेत. उंची सारखीच, जाडी मात्र कमी-कमी होत जाते. मूल बारीक दट्टा मोठ्या भोकात टाकतं, तो सैल बसतो, डुगडुगतो. शेवटी एक जाडा दट्टा हातात उरतो आणि त्याला जागाच नसते. नेमकं इथेच आपल्याला राहवत नाही. "अगं, तो तिकडे!" असं तोंडातून निघून जातं. कृपा करून तेवढं आवरा. परवा एका बालवाडीत साडेतीन वर्षांच्या मुलीने असा उरलेला दट्टा चार भोकांवर टेकवून पाहिला, थोडा वेळ ठोकळ्याकडे टक लावून बसली, मग सगळे दट्टे उपसून पुन्हा पहिल्यापासून लावले. ताई शेजारीच होत्या, गप्प. चूक कुठे झाली ते दट्ट्यानेच सांगितलं होतं.

ही पद्धत इटलीच्या डॉक्टर मारिया माँटेसरी यांची. त्यांनी १९०७ साली रोममध्ये पहिलं बालगृह, म्हणजे लहान मुलांची शाळा, सुरू केलं. साधनानेच चूक दाखवावी, हा त्यांच्या पद्धतीचा कणा आहे. दट्ट्याची मूठ तीन बोटांच्या चिमटीत धरावी लागते. पुढे पेन्सिल धरायला तीच पकड कामी येते.

आमचा धंदा साधनांचा असला तरी सांगतो, सगळी साधनं विकत घेऊ नका. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी या गावी ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा महागडी साधनं गावात परवडणारी नव्हती. त्यांनी आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी शिंपले, बिया, खडे, पानं हाताशी धरली. पुढे कोसबाडच्या आदिवासी भागात मुलं शाळेत येईनात, तेव्हा शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. वर्गवारीला चिंचोके आणि गुंजांसारखे दिसणारे मणी पुरतात, ओतण्याला तांब्या-भांडं. मोजून-मापून कातलेले दट्टे मात्र घरी जमत नाहीत, म्हणून ते आम्ही करतो.

मूल तीन वर्षांच्या आतलं असेल तर बारीक दट्टे तोंडात जात नाहीत ना, हे बघा. ठोकळा कोरड्या फडक्याने पुसा; पाण्याने लाकूड फुगतं आणि दट्टे अडकतात. एखादा हरवला तर नऊ दट्ट्यांवर भागवू नका. जाडीने कितवा ते कळवा, तेवढा एकच कातून देऊ.