पात्याची मागची बाजू

आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावी वाढईकाकांचं टिनाचं शेड आहे. आत शिरलं की समोरच्या टिनावर, कमरेच्या जरा वर, एक खोलगट पोचा दिसतो. हाताचा पंजा मावेल एवढा. तो सागाच्या एका तुकड्यानं पाडला. फूटभर लांब, वजन अर्धा किलोच्या आसपास. काका त्या दिवशी कटर मशीनवर दाराच्या चौकटीची पट्टी चिरत होते. पात्याच्या सरळ रेषेत उभं न राहता ते डावीकडे सरकून उभे होते, म्हणून वाचले. नंतर त्यांनी मला विचारलं, "मी तं लाकूड पुढं ढकलत होतो, मंग ते मांगं कायले आलं?"

प्रश्न अगदी नेमका होता. त्याचं उत्तर नीट समजलं, तर हे कटर मशीन, म्हणजे टेबल सॉ, कसं जुळवायचं आणि त्यावर कसं उभं राहायचं, यातलं निम्मं आपोआप कळतं.

टेबलाच्या चिरेतून वर आलेलं पातं आपल्या दिशेनं फिरत असतं. आपल्या बाजूचे दात वरून खाली येतात आणि लाकूड टेबलावर दाबत कापतात. म्हणून सुरुवातीला सगळं शांत वाटतं, लाकूड हातात स्थिर असतं. पण त्याच पात्याची पलीकडची बाजू पाहा. तिथले दात टेबलाखालून वर येतात. एरवी ते आधीच पडलेल्या चिरेतून मोकळे निघून जातात. मात्र लाकूड जरा तिरकं झालं किंवा चीर मिटली, की हे मागचे दात लाकडाला धरतात, उचलतात आणि पात्याच्या माथ्यावरून थेट आपल्या अंगावर फेकतात. इंग्रजीत याला किकबॅक म्हणतात, आपले कारागीर 'लाकूड मारते' म्हणतात.

फेकलं जातं ते किती वेगानं? १० इंची पातं घ्या, म्हणजे २५४ मिलिमीटर. त्याचा घेर सुमारे ८० सेंटीमीटर. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर दोन ध्रुवांची मोटर मिनिटाला साधारण २,८८० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ४८. थेट मोटरवर बसवलेल्या पात्याच्या टोकाचा वेग झाला सेकंदाला ३८ मीटर, ताशी जवळपास १४० किलोमीटर. नागपूरजवळच्या वलनीत वाढलेला आपला उमेश यादव भरात असताना ज्या वेगानं चेंडू टाकायचा, तोच हा वेग. फरक इतकाच की चेंडू १६० ग्रॅमचा असतो आणि फलंदाज वीस मीटरवर पॅड बांधून उभा असतो. इथं अर्धा किलोचा तुकडा हातभर अंतरावरून येतो. डोळ्यांनी पाहून हात हलवायला माणसाला निदान सेकंदाचा पाचवा भाग लागतो. तेवढ्यात लाकूड टिनाला लागलेलंही असतं. त्यामुळे 'मी सावध असतो' या भरवशाला इथं काही अर्थ नाही. सावधपणा मशीन सुरू होण्याआधी दाखवावा लागतो.

बोटांचा धोकाही याच मागच्या बाजूत दडला आहे. आपण लाकडावर तळहात टेकवून पुढं जोर देत असतो. लाकूड एकाएकी निसटलं की जोर तसाच राहतो आणि हात पुढं जातो, थेट पात्याकडे. लाकडाबरोबर हातही ओढला जाऊ शकतो. फळीपलीकडे हात घालून कापलेली बाजू ओढून घेण्याची सवय सर्वांत वाईट, ती मोडलीच पाहिजे.

मागचे दात लाकडाला दोन कारणांनी धरतात. एक कारण जुळवणीत असतं, दुसरं लाकडात.

जुळवणीचं आधी. फळी उभी चिरताना ती ज्या पट्टीला टेकवून सरकवतो, तिला आपल्याकडे गाईड म्हणतात. ही गाईड पात्याला समांतर हवी. तिचं मागचं टोक पात्याकडे अर्धा मिलिमीटर जरी झुकलं, तरी फळी पुढं सरकेल तशी गाईड आणि मागचे दात यांच्यात पाचरीसारखी अडकत जाते. तपासणी सोपी आहे, तिला महागडं साधन लागत नाही. आधी प्लग काढा. नुसता स्विच बंद करून भागत नाही. पात्याच्या एका दातावर खडूनं खूण करा. तो दात पुढं आणून गाईडपासूनचं अंतर मोजा. मग पातं हातानं फिरवून तोच दात मागं न्या आणि पुन्हा मोजा. तोच दात घ्यायचं कारण असं, की पात्याची चकती अगदी सपाट कधीच नसते. दोन वेगळ्या दातांशी मोजलं तर चकतीचा बाक आणि गाईडचा तिरपेपणा एकमेकांत मिसळतात. फूटपट्टीवर विश्वास नसेल तर लाकडाच्या ठोकळ्यात एक स्क्रू पिळा, ठोकळा गाईडला टेकवा आणि स्क्रूचं डोकं खुणेच्या दाताला जेमतेम खरचटेल असं ठेवा. मागं नेल्यावर तसाच खर्र आवाज आला तर गाईड समांतर आहे. कान कागदाच्या जाडीएवढा फरक पकडतो, हे मी काकांच्या शेडमध्ये स्वतः करून पाहिलं आहे. गाईडचं मागचं टोक पात्यापासून केसभर लांब राहिलं तर बिघडत नाही. जवळ मात्र कधीच नको.

काटकोनासाठी गुण्या लावाच, पण गुण्या स्वतः खरा आहे का? सरळ कडांची एक फळी उभ्या पात्यानं आडवी कापा. एक तुकडा उलटा करून दोन्ही कापलेल्या कडा टेबलावर एकमेकांना भिडवा. पातं टेबलाशी काटकोनात नसेल तर वर किंवा खाली फट दिसेल, आणि ती चुकीच्या दुप्पट असेल. चूक मोठी होऊन दिसते, हेच या युक्तीचं बळ.

टेबल सपाट आहे की नाही ते गवंड्याच्या सरळ ॲल्युमिनियम पट्ट्यानं पाहता येतं. आपल्याकडे बरीच टेबलं प्लायवूडची, घरीच केलेली असतात. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा जुळवलेलं टेबल आषाढात फुगतं. पहिल्या झडीनंतर सगळी तपासणी पुन्हा केलीच पाहिजे.

आता लाकडाचं कारण. उन्हात टाकलेली फळी वरून झपाट्यानं वाळते, गाभा ओला राहतो. वरचा थर आकसायला पाहतो, आतला त्याला आकसू देत नाही, आणि लाकडात ताण साठून राहतो. आपल्या उन्हाळ्यात हे जास्तच होतं. अशी फळी मधून चिरली की साठलेला ताण मोकळा होतो आणि दोन्ही फाकी कधी बाहेर पसरतात, कधी आत मिटतात. आत मिटल्या तर पात्याला चिमट्यासारख्या धरतात. यावर गाईडचा उपाय चालत नाही. त्यासाठी पात्याच्या मागे उभा पोलादी पत्रा लागतो, त्याला स्प्लिटर म्हणतात. तो चिरेत शिरतो आणि चीर मिटू देत नाही. पत्रा दातांनी पाडलेल्या चिरेपेक्षा पातळ, पण पात्याच्या चकतीपेक्षा किंचित जाड हवा, आणि दातांपासून ३ ते ८ मिलिमीटरवर. चीर सव्वातीन मिलिमीटरची असेल तर अडीच मिलिमीटरच्या आसपासचा पत्रा बसतो. नव्या मशीनबरोबर तो येतो, आणि अडचण होते म्हणून पहिल्याच आठवड्यात काढून माळ्यावर टाकला जातो. माझं कळकळीचं सांगणं आहे, तो शोधून परत लावा. या मशीनवर एकच संरक्षण ठेवायचं म्हटलं तर मी वरच्या झाकणाआधी या पत्र्याला निवडेन.

गावोगाव दिसणाऱ्या एका प्रकाराबद्दल स्पष्ट बोलायला हवं. चार इंची मार्बल कटर प्लायवूडखाली उलटा कसायचा, त्याचा खटका तारेनं बांधून टाकायचा आणि झालं टेबल कटर तयार. तो मिनिटाला १२,००० च्या आसपास फेरे घेतो. पातं लहान असूनही टोकाचा वेग ताशी २३० ते २५० किलोमीटरपर्यंत जातो. मागे पत्रा नाही, वर झाकण नाही, चटकन बंद करायला बटण नाही. पैशाची अडचण मला समजते, तरीही हे करू नका.

सागाबद्दल थोडं. आलापल्ली-बल्लारपूरचा साग आपला अभिमान, पण त्याच्या पेशींत सिलिका असते, म्हणजे वाळूचाच घटक. साध्या पोलादाचे दात त्यावर लवकर बोथट होतात, म्हणून टंगस्टन कार्बाइडच्या दातांचं पातं घ्यावं. बोथट पातं जास्त जोर मागतं, आणि जास्त जोरात हात सटकतो. उभं चिरायला २४ ते ३० दात पुरतात. धाग्यांच्या दिशेनं कापताना लांब ढलप्या निघतात, त्यांना दातांमधली मोठी खाच लागते. आडवं कापायला आणि प्लायवूडला ६० दातांचं बारीक पातं. जुन्या वाड्याचे सागाचे खांब-मयाली चिरायच्या असतील तर आधी जुन्या स्पीकरमधलं चुंबक त्यांवरून फिरवा, आत मोडलेले खिळे सापडतात.

पात्याची उंची? लाकडाच्या वर दातभर डोकावेल एवढीच. हात पात्यापासून वीतभर अंतरावर आला की काम काठीकडे सोपवायचं. टोकाला खाच पाडलेली ढकलकाठी घरीच करता येते, चार करून ठेवा. उन्हाळ्यात डोक्याला बांधलेला दुपट्टा मशीनपाशी सोडून ठेवा. हातमोजेही नकोत, दातात धागा अडकला तर कापडाबरोबर हात जातो. भुशासाठी नाका-तोंडाला चांगला मास्क लावा. लाकडाची धूळ कर्करोगकारक पदार्थांच्या जागतिक यादीत पहिल्या गटात आहे.

अमेरिकेत स्टीव्ह गॅस या भौतिकशास्त्रज्ञानं १९९९ मध्ये बोट लागताच थांबणारं पातं शोधलं. पात्यावर विजेचा अगदी क्षीण संकेत सोडलेला असतो. मोबाइलच्या पडद्याला बोट कळतं, तसाच बोटाचा स्पर्श या संकेतात उमटतो. लगेच ॲल्युमिनियमचा ठोकळा दातांत घुसतो आणि सुमारे ५ मिलिसेकंदांत पातं थांबतं. ओल्या लाकडालाही ते फसतं. हे मशीन आपल्या गावांत पोचायला वेळ आहे.

आपल्या गावांत मात्र एक वेगळाच धोका आहे, तो विजेचा. संध्याकाळी व्होल्टेज २३० वरून १८० वर येतं. मोटरचा पीळ देण्याचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, त्यामुळे व्होल्टेज सुमारे पाचव्या भागानं घटलं तरी जोर ६१ टक्क्यांवर येतो. पातं लाकडात कण्हू लागतं. अशा वेळी माणूस हमखास लाकूड मागं ओढतो, आणि ते मागच्या दातांवरच नेमकं येतं. लाकूड आहे तिथंच घट्ट धरा, गुडघ्यानं बटण बंद करा, पातं पूर्ण थांबू द्या. बटण गुडघ्याच्या उंचीवर हवं ते यासाठीच.

लाईन गेली तर? शेतातल्या पंपाला आपण 'ऑटो' लावतो. रात्री लाईन आली की पंप आपला आपण सुरू होतो, उठायची गरज नाही. पंपाचा हा सोयीचा विचार कटर मशीनपाशी आणू नये. साधा स्विच चालूच राहिला असेल तर लाईन येताच पातं फिरू लागतं, मग कोणी चिरेतला भुसा बोटानं काढत असो. शेतातल्या स्टार्टरमध्ये नो-व्होल्ट कॉइल असते, तीच इथं हवी. वीज असेपर्यंत कॉइल चुंबक बनून संपर्क धरून ठेवते. वीज गेली की स्प्रिंग तो तोडते, आणि हिरवं बटण दाबल्याशिवाय तो पुन्हा जुळत नाही. ऑटो नसलेला असा स्टार्टर कुठल्याही पंपाच्या दुकानात मिळतो. टेबलाच्या लोखंडाला अर्थिंगही त्याच दिवशी करून घ्या.

काकांनी गेल्या दिवाळीनंतर तो बसवला. बसवल्यावर आम्ही पातं सुरू केलं आणि मी मेन स्विच पाडला. पातं बराच वेळ सुरसुरत फिरत राहिलं, मग थांबलं. मेन पुन्हा वर केला. दिवा लागला, पंखा फिरला. काका पात्याकडे बघत हात पाठीमागे बांधून उभे होते. पातं जागचं हललं नाही.