चाचणीआधी चाचणीची किंमत

कोणत्या वैद्यकीय संशोधनाला पैसे द्यायचे, हे बहुतेक ठिकाणी तज्ज्ञांच्या समितीत चर्चेने ठरते, आणि अशा चर्चेत बोलणाऱ्याचे कुळीथही खपतात. ब्रिटनमधील यॉर्क विद्यापीठाचे आरोग्य-अर्थतज्ज्ञ कार्ल क्लॅक्स्टन यांनी १९९९च्या सुमारास या चर्चेपुढे एक हिशेब ठेवला. संशोधनाचे उत्तर हाती आल्यावर उपचाराचा निर्णय बदलेल का, आणि आज चुकीचा निर्णय झाला तर रुग्णांचे किती नुकसान होईल, एवढेच त्यात मोजायचे असते. हा हिशेब निर्णयशास्त्रात १९६०च्या दशकातच मांडला गेला होता.

समजा, एका नव्या औषधाने दर रुग्णामागे ५,००० रुपयांचा निव्वळ लाभ (आरोग्यलाभाची पैशांतली किंमत वजा खर्च) होण्याची शक्यता ६० टक्के आहे आणि तितकाच तोटा होण्याची ४० टक्के. सरासरी लाभ १,००० रुपये भरतो, म्हणून आज औषध द्यावे हेच बरोबर. पण खरे काय ते आधीच कळले असते, तर तोट्याच्या वेळी औषध टाळून सरासरी लाभ ३,००० रुपयांवर गेला असता. मधला २,००० रुपयांचा फरक हे दर रुग्णामागे माहितीचे मूल्य झाले. वर्षाला दहा हजार रुग्ण असतील, तर ते दोन कोटी रुपये होते. शंभरच असतील, तर अवघे दोन लाख.

प्रत्यक्षात ही शक्यता अंदाजाने ठरवत नाहीत. औषधाचा परिणाम, खर्च, रुग्णाच्या जगण्याची गुणवत्ता अशा प्रत्येक घटकाची अनिश्चितता गणिती प्रतिमानात भरून संगणकावर हजारो वेळा आकडेमोड करतात आणि किती वेळा कोणता उपचार सरस ठरतो ते पाहतात. आरोग्यलाभाचे पैशांत रूपांतर करायला सरकारी आरोग्यसेवेत कोणते उपचार द्यावेत याची शिफारस करणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने दीर्घकाळ वापरलेली मर्यादा उपयोगी पडते: निरोगी आयुष्याच्या एका वर्षाइतक्या लाभासाठी २०,००० ते ३०,००० पौंड. मला या पद्धतीतली सर्वांत मोलाची गोष्ट मात्र वेगळीच वाटते. अनिश्चितता नेमकी कोणत्या घटकात आहे, हेही त्यातून कळते. ती रुग्णाच्या जगण्याच्या गुणवत्तेबद्दल असेल, तर रुग्णांवर औषध तपासून पाहणाऱ्या महागड्या चाचणीऐवजी रुग्णांकडून प्रश्नावली भरून घेणेही पुरते.

अर्थात हे मूल्य म्हणजे कमाल मर्यादा आहे, कारण कोणतीही चाचणी संपूर्ण सत्य सांगत नाही, आणि प्रतिमानाची मांडणीच चुकली असेल तर पुढचे सारे आकडे व्यर्थ. शिवाय वेळ जातो. वरच्या उदाहरणात पाच कोटींची चाचणी तीन वर्षे चालली आणि औषध एकूण दहा वर्षे वापरात राहिले, तर उरलेल्या सात वर्षांत चौदा कोटींपर्यंत लाभ शक्य आहे; पण चौथ्या वर्षाअखेरीस दुसरे सरस औषध आले, तर उत्तर अचूक मिळूनही दोनच कोटी पदरात पडतात.