रोमानियन शब्दाचं वय कसं ओळखायचं?

रोमानियन ही लॅटिनचीच लेक, म्हणजे इटालियन-फ्रेंचची सख्खी बहीण, पण शेजारपाजार बराचसा स्लाव्ह लोकांचा (बल्गेरियन, सर्बियन वगैरे). त्यामुळे एखादा शब्द घरचा की उसना हे नुसतं ऐकून कळत नाही, त्यासाठी उच्चार कसे बदलत गेले ते बघावं लागतं.

लॅटिनमधला 'क्त' रोमानियनमध्ये 'प्त' झाला. ओक्तो म्हणजे आठ, त्याचं ओप्त. दुधाचं लाक्तेम, त्याचं लाप्ते. रात्रीचं नोक्तेम, त्याचं नोआप्ते. एकदोन शब्दांत झालं असतं तर योगायोग म्हणून सोडून दिलं असतं, पण लढाई, छाती, सगळीकडे तेच!

मला सगळ्यात भारी वाटतो तो 'ल' चा 'र'. दोन स्वरांच्या मध्ये एकटा 'ल' सापडला की त्याचा 'र' व्हायचा: सूर्य सोलेम होता, तो सोआरे झाला, मीठ सालेम होतं ते सारे, आणि गिरणी मोला होती ती मोआरा. जोड 'ल्ल' मात्र वाचला, म्हणून दरी वाल्लेम होती ती वाले आहे, वारे नाही. आता गंमत बघा, रोमानियनमध्ये दया म्हणजे मिला, हा स्लाव्हिक शब्द, यात पण दोन स्वरांमध्ये एकटाच 'ल' आहे तरी त्याचा 'र' झाला नाही. का? कारण स्लाव्ह लोक बाल्कनमध्ये आले साधारण सहाव्या शतकात, आणि त्यांचे शब्द भाषेत शिरेपर्यंत हा बदल होऊन संपला होता. कुठे काही लिहून ठेवलेलं नसताना नुसत्या एका अक्षरावरून क्रम लागतो राव.

19व्या शतकात तिथल्या शिकलेल्या लोकांनी फ्रेंच आणि लॅटिनमधून ढीगभर शब्द उचलले, त्यामुळे सोआरेच्या शेजारी सोलार आला आणि नोआप्तेच्या शेजारी नोक्तुर्न. आपल्याकडे हात असताना हस्ताक्षर आलं ना, सेम केस, तद्भव आणि तत्सम.

आणि उलट्या बाजूचे शब्द पण आहेत. मटाराला रोमानियनमध्ये मझरे म्हणतात, हा लॅटिनमधला नाही, पण अल्बेनियन भाषेत त्याचा भाऊ आहे आणि त्यात 'र' च्या जागी चक्क 'ल' आहे. म्हणजे मटाराचा शब्द तो बदल सुरू व्हायच्या आधीपासून तिथल्या लोकांच्या तोंडी होता, बहुतेक रोमन सैन्य यायच्याही आधीच्या कुठल्यातरी भाषेतला, जिचं लिखाण जवळजवळ काहीच उरलेलं नाही.