सर्व मूल्यांचे पुनर्मूल्यांकन

जर्मन तत्त्वज्ञ फ्रीड्रिख नीत्शे (१८४४–१९००) याच्या उत्तरकालीन लेखनातील मध्यवर्ती संकल्पना. करुणा, निःस्वार्थता, सत्यनिष्ठा, विवेकाचे श्रेष्ठत्व ही मूल्ये यूरोपीय परंपरेने स्वयंसिद्ध धरली. ती कोणाच्या गरजेतून उपजली आणि त्यांनी माणसाचे सामर्थ्य वाढवले की खच्ची केले, हे तपासण्याचा हा उपक्रम आहे. ‘मूल्यांचेच मूल्य काय?’ हा प्रश्न नीत्शेने ‘नीतीची वंशावळ’ (१८८७) या ग्रंथाच्या प्रस्तावनेत रोखठोकपणे मांडला.

कल्पनेच्या उगमाबद्दल एकमत नाही. सिनोपचा डायोजिनीझ (इ. स. पू. चौथे शतक) हा रूढी व संपत्ती तुच्छ मानणाऱ्या ग्रीक सिनिक पंथाचा तत्त्वज्ञ. त्याला देववाणीने चलन बदलण्याची मुभा दिली, अशी आख्यायिका प्राचीन तत्त्वज्ञांचा चरित्रकार डायोजिनीझ लेअर्शिअस नोंदवतो; चालू नाणे रद्द करणे म्हणजे रूढी मोडीत काढणे, असा तिचा अर्थ पुढे लावला गेला. नीत्शेने तरुणपणी लेअर्शिअसच्या आधारग्रंथांवर संशोधन केले होते. शिवाय १८८२ साली त्याने रंगवलेला, दिवसाउजेडी कंदील घेऊन बाजारात देवाला शोधणारा वेडा माणूस, भर दिवसा कंदील घेऊन माणूस शोधणाऱ्या सिनोपच्या डायोजिनीझचीच आठवण करून देतो. त्यामुळे हा धागा जुळवण्याचा मोह काही अभ्यासकांना झाला. पुरावा मात्र परिस्थितिजन्य आहे. मित्र पाउल रे याने नैतिक भावनांच्या उगमाची जी उत्क्रांतिवादी उपपत्ती १८७७ मध्ये मांडली, तिच्याशी झालेला मतभेद हे अधिक निकटचे कारण दिसते. वंशावळीच्या प्रस्तावनेत नीत्शे रे याचे नाव घेऊनच वाद घालतो.

या टीकेचा सर्वपरिचित भाग म्हणजे स्वामी-नीती आणि दास-नीती यांतील भेद. दुर्बळांच्या मनात साचलेल्या सूडभावनेने बलवंतांच्या गुणांना ‘दुष्ट’ ठरवले आणि स्वतःच्या अगतिकतेला नम्रता व क्षमा अशी नावे दिली, हे त्याचे प्रतिपादन. विवेकाबाबत त्याचा रोख सॉक्रेटीसवर आहे: अंतःप्रेरणा बेबंद झाल्यावर तर्कालाच हुकूमशहा करणे हे आरोग्याचे नव्हे, ऱ्हासाचे लक्षण. मानवी स्वभावाविषयीचे त्याचे म्हणणे तुलनेने कमी चर्चिले जाते. वस्तुतः ते अधिक मूलगामी आहे. वीज आणि तिचे चमकणे लोक वेगळे काढतात, जणू चमकण्यामागे ‘वीज’ नावाची कोणी कर्ती आहे. त्याच चालीने कृतीमागे एक स्वतंत्र, तटस्थ कर्ता कल्पिला जातो, आणि मग बलवानाला दुबळे न राहिल्याबद्दल दोषी धरता येते. आत्मा म्हणजे नीत्शेच्या मते प्रेरणा आणि भावना यांची समाजरचना. त्यात एकच एक धनी नसतो.

ग्रंथनिर्मितीचा इतिहास गुंतागुंतीचा आहे आणि संकल्पनेचा अर्थ बराचसा त्यावर ठरतो. १८८६ पासून नीत्शे ‘सत्ताकांक्षा : सर्व मूल्यांच्या पुनर्मूल्यांकनाचा प्रयत्न’ या चार भागांच्या ग्रंथाची जाहिरात करत होता. या नावाचा शेवटचा आराखडा ऑगस्ट १८८८ चा. त्यानंतर त्याने ते शीर्षक सोडले आणि उपशीर्षकालाच मुख्य शीर्षक केले. ‘अँटिख्राइस्ट’ (ख्रिस्तविरोधक) हा त्यातला पहिला भाग ३० सप्टेंबर १८८८ रोजी पुरा झाल्याचे तो स्वतः नोंदवतो. नोव्हेंबरमधील पत्रांत तर तेवढ्यानेच संपूर्ण पुनर्मूल्यांकन सिद्ध झाल्याचे तो कळवतो. जानेवारी १८८९ मध्ये तूरिन येथे त्याचे मानसिक संतुलन ढळले. त्याची बहीण एलिझाबेट हिच्या देखरेखीखाली टिपणांतून संकलित झालेला ‘सत्ताकांक्षा’ हा ग्रंथ १९०१ मध्ये ४८३ परिच्छेदांचा होता. १९०६ च्या आवृत्तीत ते १,०६७ झाले. विसाव्या शतकातील जर्मन तत्त्वज्ञ हायडेगर याने या टिपणांतच नीत्शेचे खरे तत्त्वज्ञान शोधले. नीत्शेच्या समग्र लेखनाच्या १९६७ पासून निघू लागलेल्या चिकित्सक आवृत्तीचे संपादक जॉर्जो कोल्ली व माझ्झिनो मोंतिनारी यांनी मात्र असा ग्रंथ नीत्शेने लिहिलाच नाही, हे साधार दाखवले. हाच पक्ष आज सबळ मानावा लागतो. पुनर्मूल्यांकन म्हणजे पूर्णावस्थेतील दर्शन नव्हे, तर १८८७–८८ मध्ये लिहून पुऱ्या केलेल्या ग्रंथांतून चाललेली चिकित्सा, असे धरणे सुरक्षित.

भारताशी या विषयाचा संबंध मनुस्मृतीमुळे येतो. ख्रिस्ती नीतीच्या तुलनेत नीत्शेने मनूच्या व्यवस्थेला उच्च स्थान दिले. पण १८८८ मध्ये त्याच्या वाचनात आलेले भाषांतर लुई झाकोल्यो या फ्रेंच लेखकाचे, आणि ते अविश्वसनीय आहे. चांडाळांनी केवळ लसूण-कांदा खावा, हा नीत्शेने उद्धृत केलेला नियम मनुस्मृतीत आढळत नाही, तिथे लसूण व कांदा द्विजांना निषिद्ध सांगितले आहेत (५.५), आणि चांडाळांना गावाबाहेर राहण्याचे व प्रेतांची वस्त्रे नेसण्याचे बंधन आहे (१०.५१ व पुढे). ख्रिस्ती धर्म हा चांडाळांचा सूड होय, हा नीत्शेचा सिद्धान्त काही अंशी अशा डळमळीत पायावर उभा आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू धर्माच्या तत्त्वज्ञानावरील आपल्या इंग्रजी विवेचनात नीत्शे आणि मनू यांना समोरासमोर ठेवले. हे लेखन महाराष्ट्र शासनाने १९८७ मध्ये समग्र लेखनाच्या तिसऱ्या खंडात प्रसिद्ध केले. दोघांतील साम्य त्यांना मान्य आहे, पण नीत्शेचा अतिमानव (रूढ मूल्यांपलीकडे जाणारा श्रेष्ठ माणूस) गुणांनी श्रेष्ठ ठरतो आणि मनूचा केवळ जन्माने, यावर ते बोट ठेवतात. त्यामुळे या तुलनेत मनू त्यांना अधिक हीन वाटतो.