दमट हवा जड नसते

मे महिन्यात मुंबईकर हमखास म्हणतो, ‘हवा काय जड झालीय!’ त्यातूनच एक समज टिकून आहे: जुहूची धावपट्टी समुद्रसपाटीला, शिवाय हवा दमट, म्हणजे छोट्या विमानाला उचल भरपूर, विरळ हवेची काळजी डोंगरातल्या धावपट्ट्यांनी करावी. दोन्ही चूक.

पाण्याचा रेणुभार १८, कोरड्या हवेचा सरासरी २९. वाफ मिसळली की हवा हलकीच होते. जड वाटतो तो न वाळणारा घाम.

आता आकडेमोड: गरम हवा विरळ, म्हणून विमानाला ती किती उंचीवरची वाटते? समुद्रसपाटीचं प्रमाण तापमान १५ अंश. पारा ३५ वर असेल तर फरक २०. अंशामागे साधारण १२० फूट, म्हणजे २,४०० फूट. दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतली वाफ द्रव होऊ लागते) २५ असला तर आणखी चारेकशे. थोडक्यात, विमानाच्या लेखी जुहू माथेरानच्या उंचीवर! मुळातच उंचावरच्या पुण्यात ४० अंशांना, आर्द्रता न धरताही, हा आकडा ५,४०० च्या आसपास जातो.

टर्बो (हवा दाबून भरणारी यंत्रणा) नसलेल्या इंजिनाची ताकद हजार फुटांमागे तीनेक टक्के घटते, धाव लांबते. वेगदर्शकावर उड्डाणाचा आकडा नेहमीचाच लागतो, पण विरळ हवेत तेव्हा जमीन जास्त वेगाने सरकत असते. ती पाहून घाईने नाक उचललं की घात. जमिनीलगत हवेचा अवरोध कमी असतो, म्हणून विमान सुटतं. पंखविस्ताराएवढं (सेसना १७२ चा ११ मीटर) वर येईपर्यंत अवरोध वाढतो आणि चढणं थांबतं. पुढे झाडं, तारा.

म्हणून विमानाच्या मॅन्युअलच्या तक्त्यातून त्या दिवसाच्या तापमानाला लागणारं धावेचं अंतर काढा, वजन उतरवा, शक्यतो पहाटे निघा. अर्धी धावपट्टी संपेपर्यंत उड्डाणवेगाच्या ७० टक्के गाठले नाहीत तर थ्रॉटल बंद, ब्रेक.