तणाचं बी खाणारे किडे (बीजभक्षण)

तण उगवल्यावर निंदायचं, खुरपायचं, नाहीतर तणनाशक मारायचं एवढंच आपल्याला माहीत असतं, पण त्याआधीच एक काम शेतात फुकटात चालू असतं, ते म्हणजे जमिनीवर पडलेलं तणाचं बी मुंग्या, रातकिडे आणि भुंगेरे खाऊन टाकतात, यालाच बीजभक्षण म्हणतात.

युरोप-अमेरिकेत यावर बराच अभ्यास झालाय. तिकडचा मेन खाणारा म्हणजे जमिनीवर पळणारा काळा भुंगेरा, रात्री बाहेर पडतो, बी जबड्यात धरून टरफल फोडतो आणि आतला गर खातो. ब्रिटनमधल्या अडीचशेहून जास्त शेतांचा डेटा बघून २०११ मध्ये दाखवलं गेलं की भुंगेऱ्यांची संख्या आणि मातीतला तणबियांचा साठा यांचा खरंच संबंध आहे. स्पेनच्या कोरडवाहू गव्हा-बार्लीत हेच काम मुंग्या करतात, तिथे पडलेलं निम्म्याहून जास्त बी त्या उचलून नेतात (पेरलेलं धान्यही थोडं नेतात, हे पण खरं). फिलिपिन्सच्या भातशेतीतही लाल मुंग्या रान नाचणीसारख्या गवतांचं बी नेताना दिसल्यात.

मोजायची पद्धत साधी आहे, सँडपेपरच्या तुकड्यावर मोजून बिया चिकटवायच्या, शेतात ठेवायच्या आणि काही दिवसांनी किती उरल्या ते बघायचं, काहींवर बारीक जाळी लावतात म्हणजे उंदरांनी किती खाल्लं आणि किड्यांनी किती हे वेगळं कळतं. आपल्याकडे बांधावर मुंग्यांच्या बिळाभोवती कोंड्याचं गोल कडं दिसतं ना, ते नीट बघा, त्यात गवताच्या बियांची टरफलं सापडतात.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बी वर राहिलं पाहिजे. काढणी झाली की लगेच नांगरलं तर बी खोल गाडलं जातं, किड्यांच्या तावडीतून सुटतं आणि वर्षानुवर्षं तसंच जिवंत पडून राहतं, म्हणून माझ्या मते नांगरटीची घाई करू नये, थोडे दिवस रान तसंच ठेवावं. बांधावरचं गवत जाळू नये कारण किडे तिथेच लपतात, ब्रिटनमध्ये तर शेताच्या मधोमध मातीच्या उंचवट्यावर गवताचे पट्टे मुद्दाम ठेवतात. कीटकनाशकाच्या फवारणीत हेही मरतात.

हराळी आणि लव्हाळा मात्र मुळ्या-गाठींवरून पसरतात, तिथे बी खाऊन काही होत नाही, ते खणून काढावे लागतात.