बॉडी कॅमेरा (पोलिसांचा)

बॉडी कॅमेरा म्हणजे पोलिसाच्या गणवेशावर, बहुधा छातीशी, अडकवलेला आणि समोर घडणारे दृश्य आवाजासह टिपणारा लहान कॅमेरा. बऱ्याच बनावटींत बटण दाबण्याआधीचे काही सेकंदही साठवलेले राहतात. ब्रिटनमध्ये प्लिमथ येथे २००५-०६ च्या सुमारास त्याचे प्रयोग झाले, तर अमेरिकेत २०१४ मध्ये फर्ग्युसन येथे पोलिसाने एका निःशस्त्र कृष्णवर्णीय तरुणावर केलेल्या गोळीबारानंतर त्याचा प्रसार झपाट्याने वाढला.

कॅमेऱ्यामुळे पोलिसांचे वर्तन सुधारते का, याची उत्तरे परस्परविरोधी आहेत. कॅलिफोर्नियातील रिॲल्टो येथे २०१२-१३ मध्ये कॅमेरा असलेल्या पाळ्यांत बळाचा वापर इतर पाळ्यांच्या निम्म्यावर आला; वॉशिंग्टनमध्ये मात्र दोन हजारांहून अधिक पोलिसांवर केलेल्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत लक्षणीय फरक आढळला नाही. अनेक ठिकाणच्या प्रयोगांच्या २०१६ च्या विश्लेषणात, चित्रण केव्हा सुरू करायचे हे पोलिसाच्या मर्जीवर राहिले तेथे बळाचा वापर उलट वाढलेला दिसला. वादाचे मूळ कॅमेऱ्यापेक्षा बटणात आहे, ते यामुळेच.

भारतात या प्रश्नाला पंचनाम्याची पार्श्वभूमी आहे. झडतीच्या वेळी दोन पंच हजर असावेत हा जुना दंडक असला, तरी नेहमीचेच पंच आणि न्यायालयात फितूर होणारे पंच हेही तितकेच जुने दुखणे आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ ने झडती व जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रण बंधनकारक केले. त्यासाठी कायद्याने शक्यतो मोबाइल सुचवला आहे. पण एका हाताने मोबाइल धरून दुसऱ्या हाताने कपाट उपसणाऱ्या हवालदाराला छातीवरचा कॅमेरा अधिक सोयीचा ठरेल, हे उघड आहे.

सोलापुरात चित्रणातील आवाजाला विशेष महत्त्व येते. शहराच्या पूर्व भागातील विणकर वस्तीत घरचे बोलणे तेलुगूत, इतरत्र कन्नड किंवा उर्दूत चालते आणि पंचनामा मराठीत लिहिला जातो. त्यामुळे नेमके कोण काय म्हणाले, हे कागदापेक्षा ध्वनिमुद्रणातून अधिक खात्रीने कळू शकते, अर्थात जाणकार दुभाषा मिळाला तर. गर्दीच्या बंदोबस्तात मात्र मर्यादा लगेच उघड्या पडतात. सिद्धेश्वर यात्रेत नंदीध्वजांच्या मिरवणुकीत छातीच्या उंचीवरील भिंगाला पुढच्या माणसाची पाठच दिसणार. शिवाय कॅमेरा ज्याच्या अंगावर असतो, त्याचा चेहरा चित्रणात येतच नाही. लाठी उगारलेला हात आला तर आला. याच शहरात १९३० साली मार्शल लॉ लागला आणि पोलिसांच्या हत्येच्या आरोपावरून चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी झाली. जमावात कोणी काय केले, हे तेव्हा प्रत्यक्षदर्शींच्या तोंडूनच ठरवावे लागे, आणि आजही ते पुष्कळदा तसेच ठरते.

वाहतूक पोलीस आणि दुचाकीस्वार यांच्यातील हुज्जत, चिरीमिरीची मागणी किंवा तिचा खोटा आरोप, यांत चित्रण दोन्ही बाजूंना उपयोगी पडते. घरात शिरलेल्या पोलिसाच्या कॅमेऱ्यात मात्र लैंगिक अत्याचारपीडित स्त्री किंवा अल्पवयीन मूलही येते आणि त्यांची ओळख उघड करणे गुन्हा आहे. म्हणून चित्रण कोण पाहणार हे आधी ठरलेले असावे लागते.

सर्वोच्च न्यायालयाने परमवीर सिंग सैनी खटल्यात २ डिसेंबर २०२० रोजी पोलीस ठाण्यांत आवाजासह सीसीटीव्ही बसवून चित्रण शक्यतो अठरा महिने, किमान वर्षभर जपण्याचे निर्देश दिले. त्यांचा रोख ठाण्यात बसवलेल्या कॅमेऱ्यांवर होता, ठाण्याबाहेर पडणाऱ्या पोलिसाच्या छातीवरील कॅमेऱ्यावर नव्हे.